कोणत्या कंपनीचं एडास जास्त सुरक्षित? तुलना करायची तर अशी करा

एडास म्हणजे चालकाला साहाय्य करणारी गाडीतली यंत्रणा. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे एनएचटीएसएने, एक आकडेवारी जाहीर केली. वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळणारी साहाय्यक यंत्रणा अपघाताच्या क्षणी किंवा त्याआधीच्या ३० सेकंदांत चालू होती, अशा ३९२ अपघातांची ती नोंद होती. काळ जुलै २०२१ ते मे २०२२ च्या मध्यापर्यंतचा. त्यात २७३ अपघात टेस्लाचे, ९० होंडाचे, १० सुबारूचे, बाकीचे इतरांचे.

हे वाचून कुणालाही वाटेल की प्रश्न मिटला, टेस्ला सगळ्यांत धोकादायक. पण एनएचटीएसएने त्याच वेळी बजावलं होतं की या आकड्यांवरून कंपन्यांची तुलना करू नका. टेस्लाच्या गाड्या मोबाइल नेटवर्कवरून आपली माहिती स्वतःहून कंपनीला पाठवतात, त्यामुळे तिला जवळपास सगळे मोठे अपघात लगेच कळतात. इतर बऱ्याच कंपन्यांना अपघात कळतो तो ग्राहकाने तक्रार केली तर किंवा वकिलाची नोटीस आली तर. शिवाय यंत्रणा चालू ठेवून कोणत्या कंपनीच्या गाड्या किती किलोमीटर धावल्या, हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. जी कंपनी आपले अपघात नीट मोजते तीच अशा यादीत सगळ्यांत वाईट दिसते.

गाडी घेताना ‘कुणाचं एडास चांगलं’ असा प्रश्न मला अनेकजण विचारतात, आणि त्यांना एका वाक्यात उत्तर हवं असतं. तसं उत्तर मी देत नाही, कारण ते चुकलं तर त्याची किंमत कुणाच्या तरी जिवाने मोजावी लागते. पण उत्तरापर्यंत पोचायची वाट मात्र सांगता येते. एक सुटीचा दिवस आणि वही-पेन एवढं लागेल.

पायरी १: एडासचे दोन ढीग करा

एडास ही एक वस्तू नाही. एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या स्वभावाची कामं येतात, आणि ती वेगळी केल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही.

पहिल्या ढिगात आणीबाणीला धावून येणारी कामं ठेवा: समोर धडक होतेय असं दिसताच आपोआप लागणारा ब्रेक, ब्लाइंड स्पॉटचा (आरशात न दिसणाऱ्या जागेतल्या गाडीचा) इशारा, लेन सुटताना वाजणारी घंटी, मागे घेताना लागणारा ब्रेक. गाडी तुम्ही चालवता, ही यंत्रणा गप्प बसून पाहते आणि तुम्ही चुकलात तरच मध्ये पडते. दुसऱ्या ढिगात सतत काम करणारी यंत्रणा ठेवा: पुढच्या गाडीशी अंतर राखणारं क्रूझ कंट्रोल आणि गाडी लेनच्या मधोमध धरून ठेवणारं स्टिअरिंग. इथे गाडी ती चालवते आणि लक्ष तुम्ही ठेवायचं असतं. भूमिका उलटतात.

पहिल्या ढिगाचा फायदा मोजलेला आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था वर्षानुवर्षं यावर काम करते आहे. तिच्या आकड्यांनुसार इशारा आणि आपोआप ब्रेक दोन्ही असलेल्या गाड्या पुढच्या गाडीला मागून धडकण्याचं प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी कमी आहे. नुसता इशारा असेल तर ही घट २७ टक्के. ब्लाइंड स्पॉटच्या इशाऱ्याने लेन बदलतानाचे अपघात १४ टक्के कमी होतात. कॅमेरा, सेन्सर आणि मागचा आपोआप ब्रेक एकत्र असले तर गाडी मागे घेतानाचे ७८ टक्के.

दुसऱ्या ढिगाबद्दल असं काही हाती लागलेलं नाही. याच संस्थेने आणि तिच्या भगिनी संस्थेने जुलै २०२४ मध्ये निस्सान आणि बीएमडब्ल्यूच्या अशा यंत्रणांचा अभ्यास मांडला. लेनमध्ये धरून ठेवणाऱ्या यंत्रणेने अपघात टळतात असा खात्रीलायक पुरावा त्यात मिळाला नाही. म्हणून दुसऱ्या ढिगाकडे सोय म्हणून पाहा. वातानुकूलन जसं सोयीचं असतं तसंच हेही. एखाद्या कंपनीचा आपोआप ब्रेक अव्वल आहे म्हणून तिचं लेन सांभाळणंही अव्वल असेल, असं गृहीत धरू नका. वहीत दोन ढिगांसाठी दोन पानं करा आणि शेवटपर्यंत ती वेगळीच ठेवा.

जाता जाता ‘लेव्हल’बद्दल. गाडी किती आपोआप चालते याच्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ० ते ५ अशा सहा पातळ्या ठरवल्या आहेत. लेव्हल २ पर्यंत नजर आणि जबाबदारी सगळी चालकाची. लेव्हल ३ पासून, ठरावीक परिस्थितीत, गाडी स्वतः लक्ष ठेवते. ‘लेव्हल २ प्लस’ हा शब्द त्या व्याख्येत नाहीच, तो विक्री विभागाचा आहे. त्याला गुण देऊ नका.

पायरी २: अपघातांचा आकडा दिसला की भाजक शोधा

इथे बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून जरा थांबून समजावून घेऊ.

‘अमुक लाख किलोमीटरमागे एक अपघात’ असा दावा समोर आला की विचारायचं: हे किलोमीटर कोणत्या रस्त्यावरचे? अपघात म्हणून काय मोजलं? आणि तुलना कुणाशी केली? टेस्ला २०१८ पासून असे आकडे प्रसिद्ध करते आहे. ऑटोपायलट, म्हणजे तिची दुसऱ्या ढिगातली यंत्रणा, चालू असताना किती मैलांमागे एक अपघात, आणि शेजारी अमेरिकेची सरासरी. फरक डोळे दिपवणारा असतो. पण टेस्लाच्या बाजूला मोजला जाई तो प्रामुख्याने एअरबॅग किंवा तत्सम सुरक्षा साधन उघडलेला अपघात, तर सरासरीच्या बाजूला पोलिसांत नोंदलेले अपघात. त्यात कितीतरी किरकोळ धडका असतात, जिथे एअरबॅग उघडतच नाही. ऑटोपायलट वापरलं जातं ते मुख्यतः महामार्गावर, जिथे किलोमीटरमागे अपघात मुळातच कमी. आणि देशाच्या सरासरीत पंधरा-पंधरा वर्षं जुन्या गाड्याही येतात. टेस्लाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी: धडकेच्या आधीच्या ५ सेकंदांत ऑटोपायलट बंद झालं असेल तरी तो अपघात ती ऑटोपायलटच्याच खात्यावर धरते. प्रत्येक कंपनीकडे हा नियम काय आहे हे विचारलंच पाहिजे, कारण कधी कधी धडकेच्या क्षणभर आधी यंत्रणा हात वर करते आणि मग ‘यंत्रणा बंद होती’ असं म्हणता येतं.

रस्त्यांच्या मिश्रणाने आकडे किती फसवतात ते एका काल्पनिक उदाहरणात पाहा. कंपनी ‘क’च्या गाड्या यंत्रणा चालू ठेवून महामार्गावर ९० लाख किलोमीटर धावल्या आणि १८ अपघात झाले, शहरात १० लाख धावल्या आणि ८ झाले. कंपनी ‘ख’च्या गाड्या महामार्गावर ३० लाख धावल्या आणि ३ अपघात झाले, शहरात ७० लाख धावल्या आणि ४२ झाले. एकूण अंतर दोघींचंही एक कोटी. ‘क’चे अपघात २६, ‘ख’चे ४५. जाहिरातीत ‘क’ जिंकली. आता वेगवेगळे भागाकार करा. महामार्गावर दर १० लाखांमागे ‘क’चे २, ‘ख’चा १. शहरात ‘क’चे ८, ‘ख’चे ६. दोन्ही रस्त्यांवर ‘ख’ सरस आहे, पण तिच्या ग्राहकांनी ती अवघड रस्त्यावर जास्त वापरली म्हणून बेरजेत ती हरली. रस्त्याप्रमाणे फोड न केलेला आकडा म्हणूनच वहीत घ्यायचा नाही. तो कितीही अधिकृत वाटला तरी.

दुसरा सापळा ‘एकही अपघात नाही’ या दाव्याचा. यासाठी संख्याशास्त्रात एक सोपा आडाखा आहे: जितके किलोमीटर अपघाताविना पार पडले, त्याला ३ ने भागा. ३० लाख किलोमीटर निर्धोक गेले असतील तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अपघाताचं प्रमाण १० लाखांत एकापेक्षा जास्त नसावं. त्याहून पुढचा दावा त्या आकड्यात बसत नाही. रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये याच रीतीने हिशेब केला होता. स्वयंचलित गाड्यांचा मृत्युदर अमेरिकी चालकांपेक्षा जास्त नाही एवढं ९५ टक्के खात्रीने म्हणायलाही त्यांना २७.५ कोटी मैल, म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर, एकाही मृत्यूशिवाय धावावं लागेल.

या सगळ्यातून निष्कर्ष असा की बहुतेक कंपन्यांच्या बाबतीत अपघातांच्या आकड्यांवरून आपल्यासारख्या ग्राहकाला खात्रीची तुलना करता येत नाही. हे कबूल केलं की पुढच्या पायऱ्यांचं महत्त्व कळतं.

पायरी ३: त्रयस्थ चाचण्यांचे गुण फोडून वाचा

गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने २०२० मध्ये साहाय्यक यंत्रणांसाठी वेगळी चाचणी सुरू केली. क्रॅश टेस्टच्या ताऱ्यांशी तिचा गोंधळ करू नका. तिच्या पहिल्या फेरीतली टेस्ला मॉडेल ३ ची गुणपत्रिका मला फार बोलकी वाटते. रस्त्यावर साहाय्य करण्याच्या कौशल्याला ८७. गडबड झाली तर सावरून घेण्याला ९५. आणि चालकाला गुंतवून, सावध ठेवण्याला ३६. या पद्धतीत साहाय्य आणि चालकाचं गुंतणं यांची सरासरी काढत नाहीत, दोघांतला कमी आकडाच धरतात. म्हणून एकूण गुण ३६ अधिक ९५, म्हणजे १३१, आणि श्रेणी मध्यम. त्याच फेरीत मर्सिडीज जीएलई, बीएमडब्ल्यू ३ सीरिज आणि ऑडी क्यू८ सर्वोच्च श्रेणीत गेल्या. तंत्र सगळ्यांत भारी म्हणून नव्हे, तर तंत्र आणि चालक यांचा तोल राखल्यामुळे.

मार्च २०२४ मध्ये आयआयएचएसने १४ यंत्रणा तपासल्या. ११ निकृष्ट ठरल्या. जीएमसी सिएरामधलं सुपर क्रूझ आणि निस्सान आरियामधलं प्रोपायलट असिस्ट जेमतेम. लेक्सस एलएसमधली टीममेट ही एकटीच स्वीकारार्ह. उत्तम श्रेणीत कुणीही नाही. या चाचणीत गाडी किती छान वळते हे पाहिलंच नव्हतं. चालक भरकटू नये म्हणून काय बंदोबस्त आहे एवढंच तपासलं होतं. मोठी नावं असलेल्या कंपन्यांची यंत्रणाही यात सपशेल पडली.

पादचाऱ्यांसाठीच्या आपोआप ब्रेकची गुणपत्रिका वाचताना दिवस आणि रात्र वेगळी पाहा. आयआयएचएसच्या २०२२ च्या अभ्यासात अशा ब्रेकमुळे पादचाऱ्यांना होणारे अपघात २७ टक्क्यांनी कमी दिसले, पण दिवाबत्ती नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फरक शून्य. तुमचा प्रवास अंधारातला असेल तर तुमच्यासाठी रात्रीच्या चाचणीचा गुण हाच खरा गुण. एवढंच नव्हे, २०२५ च्या सुरुवातीला त्याच संस्थेच्या चाचणीत काही गाड्यांना चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घातलेला पुतळा ओळखता आला नाही. रस्त्यावर काम करणारी माणसं जीव वाचावा म्हणून तेच कपडे घालतात. हे वाचून मला झोप लागली नव्हती.

निकाल उतरवताना चाचणीचं साल आणि मॉडेल लिहा. तेच नाव असलेली पुढच्या वर्षीची गाडी वेगळ्या कॅमेऱ्यावर चाललेली असू शकते.

पायरी ४: गाडी तुमच्यावर लक्ष कसं ठेवते ते पाहा

माझ्या मते दुसऱ्या ढिगात या पायरीचं वजन बाकी सगळ्यांहून जास्त आहे.

मे २०१६ मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलटवर चालणारी टेस्ला मॉडेल एस रस्ता ओलांडणाऱ्या ट्रकखाली शिरली आणि चालक गेला. अमेरिकेच्या अपघात-तपास मंडळाच्या, एनटीएसबीच्या, तपासात निघालं की यंत्रणा ३७ मिनिटं चालू होती आणि स्टिअरिंगवर हात जाणवले ते फक्त २५ सेकंद. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात मॉडेल एक्स दुभाजकावर आदळली. शेवटच्या सहा सेकंदांत स्टिअरिंगवर हात नव्हते आणि चालकाच्या फोनवर गेम चालू होता. दोन्ही तपासांत मंडळाचं म्हणणं एकच होतं: स्टिअरिंगवर हाताचा जोर जाणवतो म्हणजे माणसाचं लक्ष आहे असं होत नाही.

म्हणून प्रत्येक गाडीबद्दल पहिला प्रश्न हा: ती हाताचा जोर मोजते, हाताचा स्पर्श ओळखते, की कॅमेऱ्याने डोळे पाहते? डोळे पाहणारी सरस, आणि तो कॅमेरा अवरक्त प्रकाशावर चालणारा असेल तर रात्रीही चालतो. पुढे विचारा: लक्ष उडालं तर इशारा किती सेकंदांत येतो, आणि तो नुसता दिवा असतो की आवाज आणि ब्रेकचा हिसकाही? दाद दिली नाही तर गाडी वेग कमी करून थांबते का? वारंवार दुर्लक्ष केल्यास त्या प्रवासापुरती यंत्रणा बंद होते का? सीटबेल्ट सोडला किंवा आपोआप ब्रेक बंद केला तरी ती चालू राहते का? लेन बदलण्याचा निर्णय तीच घेते की तुमच्या सांगण्यावरून?

एक बारकावा सहसा सुटतो. यंत्रणा चालू असताना तुम्ही खड्डा चुकवायला स्टिअरिंग जरासं फिरवलं तर काय होतं? काही गाड्या तुमच्या हाताला साथ देतात आणि मग पुन्हा लेन धरतात. काही हट्टाने विरोध करतात, किंवा लगेच बंद पडतात. बंद पडणारी यंत्रणा चालकाला नकळत शिकवते की हात लावू नकोस. ती सवय जिवावर बेतू शकते.

पायरी ५: मॅन्युअलमधलं ‘मर्यादा’ प्रकरण समोरासमोर ठेवा

ब्रोशर कंपनीचा विक्री विभाग लिहितो, मॅन्युअल लिहिताना वकील शेजारी बसलेला असतो. म्हणून खरं काय ते मॅन्युअलमध्ये सापडतं. कंपन्यांच्या संकेतस्थळावर ते मिळतं. दोन्ही गाड्यांचं मॅन्युअल उघडा आणि पाहा: आपोआप ब्रेक कोणत्या वेगापासून कोणत्या वेगापर्यंत काम करतो? दुचाकी, सायकल, पादचारी, जनावर यांपैकी काय काय ओळखतो? पाऊस, धुकं, समोरून येणारं मावळतीचं ऊन यांत काय होतं? लेनचे पट्टे पुसट असतील तर?

थांबलेल्या वाहनांबद्दलची ओळ दोनदा वाचा. समोरच्या वस्तूचा वेग रडारला चांगला कळतो, पण रस्त्यात बंद पडलेला ट्रक आणि रस्त्यावरून गेलेली लोखंडी कमान, जमिनीच्या मानाने दोघांचाही वेग शून्य. साध्या रडारला उंचीचा अंदाज कमी असतो. प्रत्येक कमानीला ब्रेक मारला तर मागचा येऊन धडकेल, म्हणून थांबलेल्या वस्तूंच्या खुणांकडे बऱ्याच यंत्रणा कानाडोळा करत आल्या आहेत. मग भार येतो कॅमेऱ्यावर, आणि रात्री तोही थकतो. २०२४ मध्ये एनएचटीएसएने फोर्डच्या ब्लूक्रूझ या यंत्रणेची चौकशी सुरू केली ती अशाच दोन जीवघेण्या अपघातांनंतर: रात्रीची वेळ, महामार्ग, थांबलेली वाहनं. दोष एका कंपनीचा म्हणून सोडून देण्याजोगा हा प्रकार नाही.

यंत्रणा आपणहून बंद होते तेव्हा ती कसं कळवते, हेही मॅन्युअलमध्ये असतं. मी एकदा उसन्या घेतलेल्या गाडीने घाटातल्या वळणावर लेन सोडून दिली, आणि डॅशबोर्डवरचं हिरवं चिन्ह नुसतं करडं झालं. आवाज नाही, कंप नाही. हात स्टिअरिंगवर होते म्हणून निभावलं. तेव्हापासून ‘बंद होताना आवाज करते का’ हा माझ्या वहीतला कायमचा रकाना आहे.

पायरी ६: रिकॉल आणि नाव

रिकॉलची, म्हणजे दोष दूर करण्यासाठी कंपनीने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या किंवा दुरुस्त केल्या त्याची, यादी पाहा, पण रिकॉल जास्त म्हणजे गाडी वाईट असं लावू नका. काय सुधारलं आणि ती सुधारणा पुरली का, हे पाहायचं. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने चालकावरची देखरेख कडक करण्यासाठी अमेरिकेत २० लाखांहून जास्त गाड्यांना सॉफ्टवेअर रिकॉल दिलं. एप्रिल २०२४ मध्ये एनएचटीएसएने तो उपाय पुरेसा आहे का याचीच वेगळी चौकशी उघडली. असा दुसरा अध्याय असलेलं रिकॉल जास्त काळजीचं.

नावाचाही परिणाम होतो. आयआयएचएसच्या २०१९ च्या पाहणीत ‘ऑटोपायलट’ हे नाव ऐकून ४८ टक्के लोकांना स्टिअरिंगवरून हात काढणं सुरक्षित वाटलं. इतर नावांना हे प्रमाण ३३ टक्के किंवा त्याहून कमी होतं.

पायरी ७: तीच गाडी, तोच व्हेरिएंट, तुमचा रस्ता

चाचणीत उतरते ती बहुधा सगळ्या सोयी असलेली गाडी. तुम्ही घेताय त्या व्हेरिएंटमध्ये तोच रडार, तोच कॅमेरा आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. बाजारपेठेनुसारही फरक असतो.

टेस्ट ड्राइव्ह दिवसा एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा घ्या. शेजारी दुसरं माणूस बसवा, नोंदी त्याने करायच्या. पहिल्यांदा सगळं बंद ठेवून गाडी चालवा, मग एकेक गोष्ट चालू करा. पाहायचं ते हे: वळणावर ती लेनच्या मध्ये राहते की काठाकाठाने झुलते, कुणी पुढे घुसलं तर ब्रेक सावकाश लागतो की दचकवतो, कारण नसताना ब्रेक लागतो का, आणि इशारे इतके वाजतात का की दोन दिवसांत तुम्ही ते बंदच करून टाकाल. बंद केलेल्या इशाऱ्याची सुरक्षा शून्य, म्हणून हा शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नका. आपोआप ब्रेक स्वतः तपासून पाहायला मात्र जाऊ नका. खोका ठेवून नाही, भिंतीसमोर नाही, आणि मित्राला समोर उभं करून तर मुळीच नाही. त्यासाठी पायरी ३ आहे.

आता वहीतली दोन पानं समोर घ्या. गुणांची बेरीज करू नका. पहिल्या ढिगात रात्रीच्या पादचारी चाचणीत किंवा समोरच्या धडकेच्या ब्रेकमध्ये जी गाडी कमी पडते, ती तिथेच बाद. उरलेल्यांत दुसऱ्या ढिगाची तुलना करताना युरो एनकॅपसारखा कमी आकडा धरा. कौशल्य ९०, देखरेख ४० असेल तर ती ४० ची गाडी. ७० आणि ६५ वाली मी डोळे झाकून पुढे ठेवेन.

गाडी घरी आली की वही टाकून देऊ नका. सॉफ्टवेअर अपडेट आलं तर त्यात काय बदललं ते वाचा आणि पहिले काही दिवस नवी गाडी समजून चालवा. आणि पुढची काच बदलावी लागली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा अचूक जुळवणं, केल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. काचेमागचा कॅमेरा अंशभर जरी सरकला तरी शंभर मीटरवरच्या गाडीची जागा त्याला जवळपास पावणेदोन मीटर चुकीची दिसते.